बाईंनी सोपवलेलं मागणं

एरंडोलच्या मिशन कंपाउंडात एके काळी माणसं मावत नसत, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. शाळा होती, दवाखाना होता, मडमांचा बंगला होता आणि मागच्या चाळीत आठ बिऱ्हाडं होती. आधी मडमा गेल्या, मग दवाखान्याला कुलूप लागलं, मग शाळेला. त्यानंतर ज्याला जिथं पोटापाण्याचं जमलं तिथं तो गेला. कोणी धुळ्याला, कोणी पुण्याला, बरेचसे वरणगावच्या फॅक्टरीत. सन अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या चाळीत दोनच दारं उघडी असत. एक वना चौकीदाराचं आणि दुसरं शांतवन मास्तरांचं. वना दिवसभर लिंबाखाली झोपलेला असायचा, म्हणजे खरं बोलायचं तर दार एकच.

मास्तर शाळेचे शेवटचे हेडमास्तर. वय सहासष्ट, अंगानं शिडशिडीत. धोतर सुटून पायजमा आला होता, पण काळी टोपी सुटली नव्हती. बायको सुगंधाबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा वरणगावला फॅक्टरीत होता, क्वार्टर होतं, आणि दर पत्रात तो ‘बाबा, इकडे या’ असं लिहायचा. मास्तर दर पत्राला उत्तर लिहायचे की प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. सकाळी एकदा खिचडी टाकायची, तीच संध्याकाळी गरम करायची. दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून फाटकाकडं बघत बसायचं. फाटकातून कोणी येत नसे, तरी खुर्चीचं तोंड तिकडंच असायचं. एकटेपणाची माणसाला सवय होते म्हणतात. मास्तरांना झाली नव्हती, फक्त त्यांनी तसं कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये मात्र मास्तरांचा मान होता. महिन्यातून दोनदा जळगावहून पाळकसाहेब बसनं यायचे, बाकीचे रविवार मंडळी आपली आपण उपासना चालवायची. मंडळी म्हणजे लहानमोठी धरून चौदा माणसं. पण मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडं मागायची ती प्रार्थना, कोणी करायची हा प्रश्न कधी पडला नाही. ती मास्तरांचीच. टोपी काढून, डोळे मिटून ते उभे राहिले की पंधरा मिनिटांची निश्चिंती. देशाचे पुढारी, पाऊसपाणी, आजारी, तुरुंगातले, प्रवासातले, विधवा, अनाथ, हरवलेले आणि भरकटलेले, सगळ्यांना ते एकामागोमाग एक देवापुढं उभं करायचे. भाषा अशी की शुद्धलेखनाला घालावी.

सुगंधाबाई या प्रार्थनेला ‘घाऊक’ म्हणायच्या. घरी आल्यावर, चहाचं आधण ठेवता ठेवता. “तुमचं घाऊक आटपलं ना? आता माझं किरकोळ राहिलंय.” आणि तिथंच स्टोव्हपुढं बसून त्या मागायला लागायच्या. त्यांना व्याकरण नव्हतं. “देवा, ताईबाईचा गुडघा. काल मी डावा म्हणाले, उजवा आहे. पोस्टातल्या झुलालची बदली. तो म्हणतो धुळ्याला व्हावी, त्याची बायको म्हणते होऊ नये. त्यांचं तू बघ.” नाव, गाव, दुखणं, सगळं नीट सांगायचं. मंडळीतल्यांचंच नाही, तर बाजाराला येणाऱ्या खेड्यांतल्या बायांचंही. त्या बायांचे देव वेगळे, कुळाचार वेगळे, पण फाटकातून आत येऊन त्या बिनदिक्कत सांगून जायच्या की बाई, आमच्यासाठी जरा तुमच्या देवाकडं शब्द टाका. मास्तरांना याची थोडी गंमत वाटायची आणि थोडी लाज. शिकलेल्या माणसाच्या घरात देवाला डावा-उजवा गुडघा सांगत बसायचं म्हणजे काय.

मग बाईंच्याच पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. मंडळीनं साखळी प्रार्थना धरली. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, एकेकानं एकेक तास चर्चमध्ये गुडघ्यांवर, एकही तास रिकामा जाऊ द्यायचा नाही. तक्ता मास्तरांनीच आखला, फूटपट्टी घेऊन, लाल आणि निळ्या शाईत. स्वतःला त्यांनी दुपारचा चार ते पाचचा तास घेतला. नवव्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी, मास्तर चर्चमध्ये गुडघे टेकून असताना, इकडं बाई गेल्या.

मास्तरांनी आदळआपट केली नाही. चर्च सोडलं नाही. रविवारची घाऊक प्रार्थनाही चालू ठेवली, कारण तिला मन लागत नव्हतं, पाठांतर पुरत होतं. पण घरात, एकट्यानं, कोणाचं नाव घेऊन त्यांनी पुन्हा देवाकडं तोंड केलं नाही. राग होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. आपण नाव घ्यायचं आणि ते माणूस आपल्याच तासाला जायचं. तसं पुन्हा नको होतं.

भिकुबाई आली ती त्या नऊ दिवसांतच. कासोद्याकडच्या एका खेड्यातली, कापूस-भुईमूग करणाऱ्या घरातली विधवा. तिचा थोरला मुलगा त्याआधी दहा-साडेदहा वर्षं, बापानं चारचौघांत थोबाडीत दिली म्हणून सुरतेच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला होता. तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. बाप त्याची वाट बघून मेला. नवससायास, देवऋषी, सगळं करून झालं होतं. मग तिला कोणी तरी सांगितलं की एरंडोलला मिशनमध्ये एक बाई आहे, ती नाव घेऊन मागते. ती आली तर बाई खाटेवर, शब्द धड फुटत नव्हता. तरी बाईंनी तिला जवळ बसवलं, पोराची सगळी चौकशी केली आणि मास्तरांना हाक मारली.

“अहो, हिच्या पोराचं मागणं आता तुमच्याकडं. मला आठ दिवस मिळाले तर मिळाले. तुम्ही खंड पडू देऊ नका.”

मास्तर तेव्हा तक्त्यावरची शाई टिपत होते. मान वर न करता म्हणाले, “हो हो. करतो.”

या ‘हो हो’वर दीड वर्ष निघालं. बाई गेल्यावर बाकीच्या बाया हळूहळू यायच्या थांबल्या, भिकुबाई थांबली नाही. दर बाजाराच्या दिवशी, घ्यायचं ते घेऊन झालं की फाटकातून आत यायची आणि पिशवी बाजूला ठेवून ओट्याच्या कडेला टेकायची. मिशनमधलं पाणी ती पीत नसे आणि मास्तरही विचारत नसत. पदरानं तोंड पुसून ती म्हणायची, “मास्तर, मना पोऱ्यानं चालू शे ना?”

“चालू आहे, भिकुबाई.”

“मंग बरं शे.”

मग थोडं इकडचं तिकडचं. कपाशीवर काय पडलंय, विहिरीला पाणी किती आहे, तुम्ही जेवलात काय. बसची वेळ झाली की ती उठायची.

मास्तर खोटं बोलत होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शिकलेल्या माणसाला सबब सुचायला वेळ लागत नाही. रविवारच्या प्रार्थनेत ‘हरवलेले आणि भरकटलेले’ असं येतंच की, त्यात हिचा मुलगा आलाच, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं. दुसरं कारण ते स्वतःशीही बोलत नसत. आठवड्याच्या सात दिवसांत त्या फाटकातून त्यांच्यासाठी येणारं माणूस ते एकच होतं. खरं सांगितलं तर तेही यायचं बंद झालं असतं. बाजाराच्या दिवशी मास्तर सकाळीच दाढी करून बसत.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा बाजार होता. ऊन असं की ओट्याला पाय टेकवत नव्हता. भिकुबाई आली ती पिशवीशिवाय. म्हणजे बाजार केलाच नव्हता, थेट इकडंच आली होती. टेकली, पण पदरानं तोंडही पुसलं नाही.

“बरं नाही का?” मास्तरांनी विचारलं.

“बरं शे. मास्तर, निंबा आबा म्हणस, बारा वरीस व्हई ग्यात. आते पोऱ्याना पुतळा करीसन जाळी टाकू, आनी आखाजीले त्याना नावनी घागर भरू.”

निंबा आबा म्हणजे तिचा थोरला दीर. मास्तर खानदेशातच जन्मले, वाढले. त्यांना फोड करून सांगायची गरज नव्हती. बारा वर्षं पत्ता न लागलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला मेलेल्या माणसासारखा अग्नी देतात, बारावं-तेरावं करतात. आणि आखाजीला घरोघरी घागर भरतात ती घरातल्या गेलेल्यांच्या नावानं. एकदा घागर भरली की त्या नावाची वाट बघायचं संपलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

“माले काय वाटी? माय शे मी. घागर भरी का मंग तो मेला.” तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. “बठ्ठा घरना म्हणतस भरी टाक. मी नही म्हणसू ते कोनी भरनार नही, पन नही म्हनाले काही तरी आधार पाहिजे ना. मी आबाले सांगं, एरंडोलना मास्तर रोज नाव लेतस मना पोऱ्यानं. ते थांबनात का मी बी थांबसू. ते लेतस तवलोंग घागर भरानी नही.” तिनं मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं. “खरं सांगा. रोज लेतस ना?”

 हो म्हणावं, तर ही बाई आपल्या एका खोट्या शब्दावर सगळ्या भाऊबंदांशी भांडायला जाणार. नाही म्हणावं, तर तिच्या पोराची घागर आपणच भरल्यासारखं. आणि पुढच्या बाजाराला फाटक वाजणार नाही, हेही मनात आल्यावाचून राहिलं नाही. त्याची त्यांना त्याच क्षणी लाज वाटली.

“हो,” ते म्हणाले. “रोज घेतो.”

भिकुबाईनं केवढा तरी श्वास सोडला. “मंग आज मनापुढे ल्या. मी कधी आयकं नही. कानवर पडनं म्हंजे घर जाईसन छातीवर हात ठेवीसन सांगता ई.”

आता सुटका नव्हती. मास्तर उभे राहिले. टोपी काढून खुर्चीवर ठेवली, डोळे मिटले. भिकुबाईही उठली, डोक्यावर पदर घेऊन तिनं हात जोडले.

“हे आमच्या स्वर्गातील प्रेमळ पित्या,” मास्तरांनी सुरुवात केली, आणि सुरुवात झाली की त्यांची गाडी रुळावरून आपोआप चालायची. “तू सर्वज्ञ आहेस, सर्वसमर्थ आहेस. तुझ्या दृष्टीआड काहीच नाही. तुझी ही कन्या भिकुबाई आज भग्न अंतःकरणाने तुझ्या चरणांशी आली आहे. तिचा मुलगा…”

गाडी तिथं थांबली.

मास्तरांनी आठवून पाहिलं. बाईंची खाट आठवली. टीपकागद आठवला. बाईंनी पोराचं वय विचारलं, अंगापिंडानं कसा ते विचारलं, तो त्यांचा खोल गेलेला आवाजही आठवला. नाव आठवेना. ‘तिचा हा हरवलेला मुलगा’ असं म्हणून पुढं जाता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं, व्याकरणात बसत होतं, आणि भिकुबाईला कदाचित कळलंही नसतं. पण सुगंधाबाईंनी तिथल्या तिथं विचारलं असतं, कोणता मुलगा? देवाला काय अंदाजानं शोधायला लावता?

मास्तरांनी डोळे उघडले.

“भिकुबाई, नाव काय त्याचं?”

भिकुबाई अडाणी होती, खुळी नव्हती. तिचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. 

“तुमी नही लेत व्हतात,” ती म्हणाली.

“नाही.”

“एक दिन बी नही?”

“एक दिवसही नाही.” मास्तरांना खाली बसावंसं वाटत होतं, पण ते उभेच राहिले. “बाई गेल्या त्या माझ्याच तासाला, भिकुबाई. मी तिकडं तिचं नाव घेत होतो आणि इकडं ती गेली. त्यानंतर कोणाचं नाव घ्यायचा धीरच झाला नाही. आणि तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही यायच्या बंद झाल्या असत्या. म्हणून नाही सांगितलं.”

तिनं ऐकून घेतलं.  शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ती ओट्याच्या कडेला पुन्हा टेकली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती उकरत राहिली. दीड वर्ष ही बाई दर बाजाराला इथं येऊन, विचारून, समाधानानं बसमध्ये बसून घरी जात होती. तिच्यामागं कोणी उभं आहे असं समजून जात होती. आपण एकटे आहोत म्हणून मास्तर इतके दिवस कुढत होते. खरी एकटी ही होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

“म्हंजे दीड वरीस मना पोऱ्यानं कोनी मांगंच नही,” ती शेवटी म्हणाली.

“नाही.”

“आनी बाई ते आठच दिन व्हती. ती बी बिमार.”

“हो.”

मास्तर ती उठायची वाट बघत होते. ती उठली, पण फाटकाकडं वळली नाही.

“मंग आजून अर्जच गया नही,” भिकुबाई म्हणाली.

मास्तरांना कळेना.

“माले वाटे, देव आयकस नही. दीड वरीस मास्तर रोज सांगी राह्यनात, तरी देव आयकस नही, म्हंजे पोऱ्या नहीच. रात रात मी हाऊच इचार करू. पन त्याले कोनी सांगंच नही, मंग तो नही कसा म्हणी?” निराधार पेन्शनसाठी तिनं तहसील कचेरीत तीन वर्षं खेटे घातले होते, कागद कसा अडतो हे तिला तोंडपाठ होतं. “अर्ज दिधाच नही, ते नामंजूर कसा व्हई? आखाजीले घागर भरानी नही. मी सांगस आबाले.”

तिचं तोंड काही गोड झालं नव्हतं. माफ केल्याचा सूर तर नव्हताच. “तुमी खोटं बोलनात, ते मी इसरनार नही,” ती म्हणाली. “आते ल्या. रुपचंद. रुपचंद लोटन पाटील. डावी भिवईवर वण शे, बैलनं शिंग लागेल.”

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले. भीती गेली नव्हती. ती तशीच धरून त्यांनी तोंड उघडलं. या खेपेला पिता सुचला नाही, चरण सुचले नाहीत.

“देवा, रुपचंद,” ते म्हणाले, आणि थांबले. “रुपचंद लोटन पाटील. डाव्या भुवईवर वण. सुरतेकडं गेलाय. बारा वर्षं झाली. त्याला माझ्याकडं सोपवला होता, मी घेतला नाही. तो जिथं असेल तिथं… त्याच्याजवळ कोणी तरी असू दे. दुखलंखुपलं तर विचारणारं. बाप आता नाही, मारणारं कोणी नाही, हे त्याला कळू दे. आई वाट बघते. घरी येऊ दे त्याला, देवा. रुपचंदला येऊ दे.”

पुढं शब्द नव्हते. पंधरा मिनिटांचे मास्तर मिनिटभरात संपले. गालांवरून पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलं नाही. प्रार्थना बंद करायची म्हणून त्यांनी श्वास घेतला, तेवढ्यात शेजारून भिकुबाईचा आवाज आला. डोळे गच्च मिटून, हात कपाळाशी नेऊन, घरच्या देव्हाऱ्यापुढं बोलावं तशी ती बोलत होती. नवं काही सांगत असल्यासारखी नाही, रोजचं असल्यासारखी.

“आनी हाऊ मास्तर. रोज सांगस तेच आज बी सांगस. बाईनी जातांना सांगेल शे, पोऱ्यानं मास्तर मांगी, मना मागे यानं नाव तू लेत जाय म्हनीसन. एकला शे तो. खातापेता राहू दे. त्याना घर कोनी येवाजावाले राहू दे. खोटं बोलना तो, पन तू त्याले सोडू नको.”

एवढं बोलून ती थांबली. या बाईंच्या देवाशी बोलणं झालं की शेवटी काय म्हणायचं असतं, हे तिला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं. रोज घरी मास्तरांचं नाव घेऊन झालं की ती तशीच उठत असणार. आज मास्तर समोर होते म्हणून ती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मास्तरांना तो शब्द माहीत होता, ‘आमेन’. पण त्यांच्या तोंडून तो बाहेर पडेना.